खुब्यातला कोबाल्ट

खुब्याचं ऑपरेशन झालेल्या कुंभाराला कोल्हापुरात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "खाली बसता येतंय का?" आणि दुसरा, जरा आवाज उतरवून, "आत काय घातलंय?" पहिला प्रश्न नातेवाइकांचा, दुसरा पेपर वाचणाऱ्यांचा. माझा डावा खुबा २००९ मध्ये बदलला. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून हाड मरतं, असा तो आजार. वय अडतीस. तेव्हापासून या दोन प्रश्नांना मी "येतंय हो" आणि "लोखंड घातलंय" अशी उडवून लावणारी उत्तरं देत आलोय. पण हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि तो गुंता माझ्या खुब्यापेक्षा बराच जुना आहे. म्हणून आज जरा सविस्तर. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी खाली बसण्याचं.

आपल्याकडचं कुंभाराचं चाक जमिनीलगत असतं. जड चाक, कडेला खोबण, त्यात काठी घालून ते गरगरवायचं, आणि वेग आहे तोवर उकिडवं बसून, गुडघे छातीशी घेऊन मडकं उठवायचं. वेग उतरला की उभं राहून पुन्हा काठी. आमच्या आजोबांनी दिवसाला अशा शेकडो उठाबशा काढल्या असतील. चाकावरून उतरलेलं भांडं नंतर आतून गोटा आणि बाहेरून थापी धरून ठोकत मोठं करायचं, तेही खाली बसूनच. त्याच्या आधी चिखल पायांनी तुडवायचा. तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते, पण तिच्यातली एक बारीक गोष्ट कुंभाराच्या घरातच लक्षात येते. चिखल तुडवण्याच्या लयीत माणूस खरंच हरवतो, आणि ते काम गुडघ्याचं नसतं, खुब्याचं असतं.

युरोपातला कुंभार बाकावर बसून पायानं चाक ढकलतो. खुर्चीत बसणाऱ्या समाजाचं ते चाक. आणि बदली खुबाही त्याच समाजात जन्मला. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ च्या सुमारास जो सांधा पक्का केला, त्यात धातूचा गोळा फक्त २२ मिलिमीटरचा आणि वाटी प्लॅस्टिकची. लहान गोळा म्हणजे घर्षण कमी, झीज कमी. फार हुशारीचं काम, आजही त्याचीच मुळं सगळीकडे आहेत. पण लहान गोळा वाटीतून निसटायची भीती जास्त. त्यामुळे रुग्णाला ताकीद असायची, की मांडी काटकोनापलीकडे वळवायची नाही, खाली बसायचं नाही. मँचेस्टरकडच्या म्हाताऱ्याला त्यानं काही फरक पडत नव्हता. त्याला खुर्चीतून उठून दुकानापर्यंत चालत जायचं होतं.

आपल्याकडे मात्र ताट जमिनीवर, देव जमिनीवर, संडास जमिनीवर आणि कुंभाराची भाकरीही जमिनीवर. जयपूर फूट १९६८ च्या सुमारास आला तो याच अडचणीतून. परदेशी पाय लावलेल्या माणसाला उकिडवं बसता येईना, अनवाणी चिखलात जाता येईना, म्हणून रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिरानं आणि डॉ. प्र. क. सेठींनी रबराचा पाय घडवला. पुण्याच्या डॉ. संचेतींनी 'इंडस' नावाचा कृत्रिम गुडघा काढला तोही भारतीय बसण्याउठण्याचा विचार करूनच. खाली बसता येणं ही आपल्याकडे चैन नव्हे. ते गेलं तर माणूस पंगतीतून उठतो आणि पुष्कळदा धंद्यातूनही.

आता धातूकडे येतो.

१९२३ मध्ये बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन या शल्यविशारदानं झिजलेल्या खुब्यावर चक्क काचेची टोपी बसवून पाहिली. (काच! कुणातरी कुंभाराला विचारलं असतं तर त्यानं नको म्हटलं असतं.) काच फुटली. मग १९३८ पासून त्यानं व्हायटॅलियम वापरायला घेतलं. हा कोबाल्ट, क्रोमियम आणि मॉलिब्डेनमचा मिश्रधातू, आधी दातांच्या डॉक्टरांकडे असायचा. गंजत नाही, वाकत नाही. इथून कोबाल्ट माणसाच्या खुब्यात शिरला.

पुढे धातूच्या वाटीत धातूचा गोळा, असे सांधे १९६० च्या दशकात आले, चार्नलीच्या प्लॅस्टिकपुढे मागे पडले आणि १९९० च्या दशकात नव्या रूपात परत आले. १९९७ मध्ये बर्मिंगहॅमला डेरेक मॅकमिन यांनी जी पद्धत सुरू केली तिच्यात खुब्याचा मूळ गोळा कापून न टाकता त्यावर धातूची टोपी बसवत. गोळा मोठा, जवळजवळ निसर्गानं दिलेल्या मापाचा. मोठा गोळा सहजी निसटत नाही. म्हणजे वळा, वाका, आणि आपल्याकडच्या भाषेत, मांडी घाला! तरुण रुग्णांसाठी हे फार मोठं आमिष होतं, आणि 'आमिष' हा शब्द मी वाईट अर्थानं वापरत नाहीये. मलाही तेच हवं होतं. मी डॉक्टरांना विचारलेला पहिला प्रश्न चाकाचाच होता.

त्याच जातीचा एक सांधा म्हणजे डीप्यू कंपनीचा एएसआर. २००३ मध्ये तो बाजारात आला, २००६ अखेर त्याला भारतात आयातीची परवानगी मिळाली. त्याची वाटी उथळ होती. वाटी जरा तिरकी बसली की गोळा तिच्या काठावर घासायचा, आणि घासला की कोबाल्ट-क्रोमियमची अतिसूक्ष्म पूड आजूबाजूच्या मांसात आणि तिथून रक्तात. ऑस्ट्रेलियात प्रत्येक बदललेल्या सांध्याची राष्ट्रीय नोंदवही १९९९ पासून आहे. तिच्यात २००७ च्या सुमारास हा सांधा खटकू लागला, आणि २००९ च्या शेवटी तिथून तो मागे घेतला गेला. इंग्लंड-वेल्सच्या नोंदवहीत पाच वर्षांत शंभरातले बारा-तेरा सांधे पुन्हा उघडावे लागल्याचं दिसलं. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीनं तो जगभरातून परत बोलावला. तोवर तो सुमारे ९३,००० माणसांच्या अंगात गेला होता, त्यांतले अंदाजे ४,७०० भारतात.

इथे महाराष्ट्राचा भाग येतो. भारतात २००५ पासून हाडांत बसवायच्या वस्तूंना कायद्यानं 'औषध' मानलं होतं. म्हणजे १९४० च्या कायद्याप्रमाणे खुब्यातला धातूचा गोळा आणि खोकल्याचं औषध एकाच पंगतीत! हसू येतं, पण त्यामुळेच आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला यात हात घालता आला. २०११ मध्ये मुंबईत माहीम पोलिसांकडे गुन्हा नोंदवला गेला तो त्यांच्याच तक्रारीवरून. केंद्राची आयात-परवान्यावरची कारवाई झाली २०१२ मध्ये. केंद्रानं डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली ती तर फेब्रुवारी २०१७ मध्ये. समितीचा अहवाल २०१८ च्या फेब्रुवारीत आला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी भरपाईचं सूत्र ठरलं, ३० लाखांपासून सव्वा कोटीच्या जवळपास. अमेरिकेत असेच दावे २०१३ मध्येच तडजोडीवर आले होते.

पैशाचे आकडे मोठे दिसतात. मला मात्र दुसराच आकडा टोचतो. भारतातल्या ४,७०० पैकी ३,६०० च्या वर माणसं सापडलीच नाहीत. नाव नाही, पत्ता नाही. अंगात काय आहे हे ज्यांना सांगायला हवं होतं ते कुठल्यातरी गावात लंगडत असतील, किंवा अजिबात लंगडत नसतील आणि रक्तात काय साठतंय याची कल्पनाही नसेल. ऑस्ट्रेलियात नोंदवही होती, आपल्याकडे प्रत्येक सांधा सक्तीनं नोंदवायची सोय नव्हती. एवढाच फरक, आणि त्यावर सगळं अवलंबून.

माझा सांधा त्या कंपनीचा नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर आत्याचा फोन येईल. पण जात तीच, धातूवर धातू. ऑपरेशननंतर फाईलमध्ये सांध्याच्या खोक्यावरची छापील चिकटपट्टी लावून दिली होती, तिच्यावर माप आणि क्रमांक. ती फाईल मी माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा शहरात शिरली तेव्हा शाहूपुरीतल्या आणि बापट कॅम्पातल्या कुंभारवाड्यांत गणपती पाण्यात विरघळत होते. गणेशचतुर्थी २ सप्टेंबरला, म्हणजे मूर्ती रंगायच्या बेतात. घरातल्या सगळ्यांनी आधी मूर्ती उचलल्या. मी आधी ट्रंक उचलली. त्यावरून अजूनही बोलणी खातो.

रक्ताची तपासणी मी २०११ मध्ये पहिल्यांदा केली, पेपरात बातम्या यायला लागल्यावर. ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०१० मध्ये एक पातळी सांगितली होती: लिटरभर रक्तात ७ मायक्रोग्रॅमच्या वर कोबाल्ट किंवा क्रोमियम गेलं तर पुढची तपासणी करा. माझा कोबाल्ट आला ४.२. सात नाही, पण साध्या माणसाच्या कितीतरी पट. डॉक्टरांनी धंदा विचारला. मी म्हटलं कुंभार. ते म्हणाले, मग धातूशी तुमचा संबंध येत नसेल. मी म्हटलं येतो ना... आणि शेल्फवरच्या डब्यांची यादी सांगितली. निळ्यासाठी कोबाल्ट ऑक्साइड, हिरव्यासाठी क्रोम ऑक्साइड, तपकिरीसाठी लोह आणि मँगनीज. त्यांनी पेन खाली ठेवलं.

इथे थोडं घरचं सांगायला हवं. आमचा परंपरेचा धंदा ग्लेझचा नव्हे. घट, सुगडं, बेंदराचे बैल, नागपंचमीचे नाग, चुली, गणपती. भाजून लाल, फार तर वरून गेरू. दख्खनच्या साध्या मडक्यात शिसं नाही, कोबाल्ट नाही. विलायतेत स्टॅफर्डशरच्या पॉटरीजमध्ये शिशाच्या ग्लेझमध्ये भांडी बुडवणाऱ्या बायका विषबाधेनं मरत होत्या, त्यावर १८९० च्या दशकात सरकारी चौकश्या बसल्या. आमच्या गल्लीला हा रोग माहीत नव्हता कारण ग्लेझच नव्हतं. (शेंदूर होता, आणि शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड. तेव्हा फार फुशारकी नको.) मी मात्र नव्वदच्या दशकात उंच तापमानाची भट्टी शिकलो आणि घरात पहिल्यांदा निळा कप तयार झाला. आप्पांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "झाक हाय. पन ह्येला माती म्हनायचं कशाला?"

निळा रंग असा सोडत नाही. चिमूटभर कोबाल्ट ऑक्साइड किलोभर ग्लेझला निळं करतो. चीनच्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांपासून हैदराबाद-सिंधच्या फरशांपर्यंत हाच धातू. नाव मात्र जर्मन खाणकामगारांचं. चांदीसारख्या दिसणाऱ्या खनिजातून चांदी निघेना, उलट विषारी धूर यायचा, तेव्हा त्यांनी ठरवलं की हे कोबोल्ड नावाच्या खाणीतल्या भुताचं काम. १७३० च्या दशकात स्वीडनच्या गेओर्ग ब्रांट यांनी हे भूत म्हणजे स्वतंत्र धातू आहे असं दाखवलं.

तो अंगात गेला तर काय होतं, हे जगाला दोन ठिकाणी विशेष कळलं. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये १९६५-६६ साली बियरचा फेस टिकावा म्हणून तिच्यात कोबाल्टचा क्षार घालत होते. भरपूर पिणाऱ्यांची हृदयं फुगली, कित्येक दगावले. आणि दुसरं, आमच्या धंद्यातलं: कोपनहेगनचे चिनीमातीचे कारखाने. तिथल्या निळ्या नक्षीच्या बश्या जगप्रसिद्ध. त्या हातानं रंगवणाऱ्या बायकांची डॉक्टरांनी १९८० च्या दशकात तपासणी केली. एका ठिकाणी वापरायचा निळा थोडाफार विरघळणारा होता, दुसरीकडचा जवळजवळ न विरघळणारा. रंग दिसायला निळाच, कोबाल्ट दोन्हींत. पण पहिल्या बायकांच्या रक्तालघवीत कोबाल्ट चांगलाच वाढलेला, आणि थायरॉइडच्या कामातही फरक. दुसऱ्या गटात अगदी थोडी वाढ.

हे वाचलं तेव्हा मला माझ्या दोन्ही कोबाल्टचं नातं कळलं. भट्टीत नीट वितळून काचेत बसलेला कोबाल्ट कपाला धरून राहतो. डब्यातली कोरडी पूड श्वासातून जाते. खुब्यातला एकसंध गोळा आतल्या आत गुपचूप बसून राहिला असता, पण तो घासला की त्याची पूड होते. धातू किती आहे यापेक्षा तो कुठल्या रूपात सुटा होतो, याचा हा सगळा खेळ. कच्च्या भाजणीचं ग्लेझ लिंबाच्या फोडीनं फिकं पडतं, हे आम्ही रोज पाहतो. उथळ वाटीचा सांधा ही मला तशीच कच्ची भाजणी वाटते.

मी वर्षभर निळा आणि हिरवा बंद ठेवला. डबे बंद केले, कामाची खोली ओल्या फडक्यानं पुसून काढली, ग्लेझ फवारायचं यंत्र विकलं. मुंबईच्या एका गिऱ्हाईकाची ऑर्डर गेली, त्याला निळंच हवं होतं. वर्षानंतरची तपासणी: ३.९. म्हणजे ४.२ मधला अगदी थोडा वाटा शेल्फवरचा होता, बाकी सगळा खुब्यातला. खरं सांगायचं तर उलटं निघालं असतं तर बरं झालं असतं. डबा फेकून देता येतो. एमआरआयमध्ये सूज दिसली नाही, तेव्हा डॉक्टरांनी वर्षाला एक तपासणी ठरवून दिली आणि ती अजून चालू आहे. आकडा तीन-साडेतीनच्या घरात फिरतो. निळा मी पुन्हा सुरू केला, पण पूड आता पाण्यातच कालवतो, तोंडाला घट्ट मास्क, आणि त्या खोलीत चहा बंद.

चाक मात्र वर आलं. विजेचं चाक लोखंडी घोडीवर चढवलं, स्टुलाची उंची गुडघ्यापेक्षा वर ठेवली. मांडी घालता येते, उकिडवं बसणं मी स्वतःहून सोडलं. सांध्यानं दिलेलं वचन पाळलं, पण ते वापरायची माझीच छाती होईना. काठावर घासतं म्हणजे काय हे एकदा कळल्यावर माणूस काठापर्यंत जात नाही. मोठे माठ थापीनं ठोकायचं काम धाकट्या भावाकडे गेलं. घराण्याच्या हिशेबात तेवढी माझी वजाबाकी.

टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये एक वीतभर ब्राँझची मूर्ती आहे. पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४४-४५ च्या सुमारास ब्राँझच्या वस्तूंच्या ढिगात सापडलेली. पुढे १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी आणि दीक्षितांनी तिथे रीतसर उत्खनन केलं आणि सातवाहनकाळातलं विटांच्या घरांचं गाव वर आलं. रोमन जगाशी व्यापार करणारं गाव, नदीकाठी. शाळेची पोरं पोसायडनसमोर थांबतात, खापरांसमोर कुणी थांबत नाही. मी थांबतो, पण अलीकडे पोसायडनसमोरही थांबतो. अशा मूर्ती मेणात घडवून त्यावर मातीचा लेप देतात, भाजून मेण काढतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. म्हणजे ब्राँझचा देव आधी मातीच्या पोटात असतो. कोल्हापूरच्या फौंड्र्यांत वाळूचे साचे करणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. आणि कोबाल्ट-क्रोमियमचे खुबेही असेच ओततात. मेणाची प्रतिकृती, तिच्यावर चिनीमातीच्या जातीच्या लेपाचे थर, मेण बाहेर, धातू आत. माझ्या खुब्याचाही साचा कुणीतरी कालवलेल्या चिखलाचाच होता.

आता उजवा खुबा बोलायला लागलाय. त्यासाठी डॉक्टर जो सांधा सुचवतायत त्याची वाटी सुधारलेल्या प्लॅस्टिकची आणि गोळा सिरॅमिकचा. फ्रान्समधल्या पो गावच्या पिएर बुतँ यांनी १९७० मध्ये ॲल्युमिनाचा खुबा पहिल्यांदा बसवला. सुरुवातीचे काही गोळे फुटले, काही सांधे चालताना कुरकुरायचे, पण भाजणी सुधारत गेली आणि आता ते पक्के होतात. ॲल्युमिना म्हणजे आमच्या प्रत्येक मातीत सिलिकाच्या जोडीला असतं तेच, फक्त शुद्ध करून, दाबून, प्रचंड उष्णतेत भाजलेलं. घासलं तरी त्यातून कोबाल्ट सुटत नाही, कारण आत कोबाल्टच नाही. डॉक्टरांच्या टेबलावर नमुन्याचा गोळा होता, गुलाबीसर, गुळगुळीत. परवानगी घेऊन हातात घेतला आणि सवयीनं कानाशी धरून नखानं टिचकी मारली. भाजणी चांगली होती. डॉक्टर बघतच राहिले.

नवरात्राचे घट आधी द्यायचेत, म्हणून तारीख दिवाळीनंतरची घेतलीय. खोक्यावरच्या चिकटपट्टीच्या दोन प्रती मागितल्यात, एक ट्रंकेसाठी आणि एक पुण्याच्या बहिणीकडे ठेवायला. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे.